मशीनला हात कुणी लावला?

गावाचं नाव मी सांगणार नाही. सोनाक्का अजून तिथंच राहते आणि तिचा आवाज तीन गल्ल्या सहज ओलांडतो. एवढंच सांगतो, की गाव लहान आहे, थंडी तिथं कडाक्याची पडते आणि सोनाक्कानं शिवलेली गोधडी बरोबर दिल्याशिवाय तिथं कुणी मुलीची पाठवणी करत नाही.

या सोनाक्काकडं गोधड्या शिवायची मोठी मशीन होती. तुमच्या घरी असते तसली पायमशीन डोळ्यांपुढं आणू नका. बारा फुटांची लोखंडी चौकट, तिच्यावर आडव्या दांड्या, आणि त्या दांड्यांना गोधडी ताणून गुंडाळायची. वर रुळांवर मशीनचं लांब मानेचं डोकं. ते दोन मुठी धरून फिरवायचं. म्हणजे आपल्या मशीनवर कापड सरकतं, तर इथं कापड जागेवर आणि मशीनच पळते. शहरातला एक कारखाना बंद पडला, तेव्हा ती टेम्पोत बसून गावात आली. दारातून आत जाईना, म्हणून तिचे सांधे सुटे केले आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, नेऊन पुन्हा जोडले. त्या दिवसापासून घरातल्यांचा सोपा गेला तो गेलाच. सोनाक्काचा नवरा श्रीपतराव, त्यांची खाट पडवीत गेली. पाहुणे आले तर त्यांना वाकून, मशीनच्या खालून स्वयंपाकघर गाठावं लागे.

सोनाक्का शहरात महिनाभर राहून ती मशीन चालवायला शिकली होती. परत आली ती एक नियम घेऊनच. मशीनला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. श्रीपतरावांनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली, त्यांचे हात नुसते शिवशिवायचे. मुलगा शहरात नोकरीला असायचा. सून पमा चांगली शिकलेली, पण लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षांत तिला मशीनभोवतीचा केर काढण्यापलीकडं काही मिळालं नव्हतं. कुणी चुकून चौकटीला टेकलं तरी सोनाक्का असा आवाज काढायची की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. बाई वाईट नव्हती हो. कामाची पक्की, शब्दाची पक्की. पण तिच्यासमोर 'चुकलं माझं' म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती, आणि सगळी गोष्ट इथंच आहे.

तर मार्गशीर्षात गल्लीच्या टोकाच्या वामन गुरवांच्या रेणूचं लग्न ठरलं. रेणूची आई तीन वर्षांपूर्वी वारली होती. तिच्यामागं सोनंनाणं काही राहिलं नाही, फोटोही एकच, तोही लग्नातल्या गर्दीत मागं उभी असलेला. राहिली ती सहा लुगडी. रेणू ती गाठोड्यात बांधून घेऊन आली. पाच वापरून विटलेली आणि सहावं हिरवं, सणाला नेसायचं. सोनाक्का त्यांची घडी मोडून बघत होती, तेव्हा रेणू हळूच म्हणाली, "आक्का, सगळी मिळून एकच गोधडी करा. सासरी जाताना मला तेवढी आई बरोबर न्यायची आहे." सोनाक्कानं लुगड्यांची घडी पुन्हा घातली. रविवारी पाठवणी, त्याच्या आत गोधडी तुझ्या हातात, असा शब्द तिनं दिला.

बुधवारी सकाळी तिनं लुगडी ताणून घेतली. पाच खाली, हिरवं वर. लग्नाच्या गोधडीला सोनाक्का नेहमी कोरी सुई लावायची. तिची ती रीतच होती. सुईला हळदकुंकू लावायचं, नमस्कार करायचा, मग ती मशीनला बसवायची, आणि एकदा बसवली की गोधडी पुरी होईपर्यंत तिला बोट लावायचं नाही. त्या दिवशी चांगली वेळ साडेनऊपर्यंतच होती. कुंकू जरा जास्तच ओलं झालेलं, दारातून रेणूची मावशी हाका मारत होती. सोनाक्कानं सुई बसवली, स्क्रू आवळला आणि मशीन सुरू केली.

वीतभर शिवण झाली आणि धागा तुटला.

तुटतो कधी कधी. तिनं पुन्हा ओवला. पुन्हा वीतभर गेला आणि तुटला. या वेळी तुटलेलं टोक कापसासारखं पिंजलेलं होतं. मधले मधले टाके पडलेच नव्हते. उचलून खालून बघितलं, तर धाग्याचं हे एवढं जंजाळ. सोनाक्कानं वरच्या धाग्याच्या ताणाचा स्क्रू सैल केला. टाके आणखी सुटले. मग तो आवळला, तर धागा आणखी लवकर तुटला. धागा जुना असेल म्हणून नवं रीळ लावलं. नव्या रिळाचा धागा जुन्यापेक्षा जोमानं तुटला. दर वेळी चुकलेली शिवण ती उसवायची आणि पुन्हा त्याच जागी शिवायची. आता कुणीही सांगेल की बाई, एखाद्या चिंधीवर करून बघ. पण सोनाक्काला वाटत होतं, पुढच्या खेपेला नक्की जमेल. जुनं लुगडं ते, विरलेलं. उसवलं की सुईची भोकं तशीच राहतात. दुपारपर्यंत हिरव्या लुगड्याच्या काठाजवळ हातभर जागा चाळणी होऊन बसली.

ती भोकं बघितली आणि सोनाक्का घाबरली. भीती वाटली की काही माणसं रडतात, काही गप्प होतात. सोनाक्का ओरडायची. तिनं घरातल्यांना सोप्यात उभं केलं आणि विचारलं, "मशीनला हात कुणी लावला?"

कुणी लावला नव्हता. तोवर तरी खरंच कुणी लावला नव्हता. पण ती काही ऐकून घेईना. काल चालत होती, आज चालत नाही, म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंच असणार, असं तिचं गणित. आणि गणित बरोबर होतं, हेच तर वाईट. सुईचा संशय मात्र तिला आला नाही. सुई कोरी, सुई पुजलेली. तिच्यात काय बिघडणार?

आता पुढं जे झालं ते मला स्वतःला नीट लावून सांगता येईल का, शंकाच आहे, कारण इथून घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या नकळत मशीन दुरुस्त करायला लागला.

पहिली पमा. रेणू तिची मैत्रीण. गोधडी झाली नाही तर त्या पोरीचं काय होईल, या विचारानं तिला जेवण जाईना. संध्याकाळी सासू नदीवर गेली, तेव्हा तिनं मोबाइलवर बघून खालचा धागा सोडणाऱ्या बॉबिनच्या डबीचा बारीक स्क्रू सैल केला. चालवून बघायची हिंमत झाली नाही. डबी होती तशी लावून ती भाकऱ्या करायला गेली.

दुसरे श्रीपतराव. त्यांचं तीस वर्षांचं मत असं, की कुठलंही यंत्र अडलं म्हणजे ते कोरडं पडलेलं असतं. मशीनच्या तेलाची बाटली सोनाक्काच्या कुलपात. म्हणून गुरुवारी सकाळी बायको अंघोळीला गेल्यावर त्यांनी कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं तेल सोडलं. सढळ हातानं सोडलं. मग हात डोक्याला पुसून शहाण्यासारखे पडवीत जाऊन बसले.

गुरुवारी सोनाक्कानं मशीन चालू केली, तर कालच्यापेक्षा वेगळंच. खालून टाके बरे दिसत होते, वर नुसते धाग्याचे फासे. तिनं ताण वाढवला, धागा तुटला. कमी केला, टाकेच पडेनात. काल जे करून जेवढं बिघडत होतं, तेच करून आज भलतंच बिघडत होतं. शुक्रवारी सकाळी तर डोकं रुळांवरून हलेचना. दोन्ही हातांनी रेटावं तेव्हा बोटभर सरकायचं. आणि दुपारी उन्हं सोप्यात आली तशी तीच मशीन आपोआप हलकी झाली. थंडीत खोबरेल थिजतं आणि उन्हात पातळ होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण मशीनमध्ये खोबरेल आहे हे माहीत असेल तर ना! सकाळी जड, दुपारी हलकी, असला बिघाड सोनाक्कानं महिनाभराच्या शिकवणीत ऐकला नव्हता. तिचं डोकं चालेनासं झालं. तिनं मीठमोहऱ्या घेऊन मशीनची दृष्ट काढली. श्रीपतरावांनीही गंभीर चेहऱ्यानं 'नजर लागलीच असणार' म्हणून मान डोलावली.

शेवटी शुक्रवारी दुपारी गंगाराम मिस्त्रीला बोलावणं गेलं. हा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, कमी बोलणारा. त्यानं सगळीकडं बघितलं, वास घेतला, हात पुसले. हत्यारांची पिशवी मात्र उघडली नाही. त्यानं विचारलं, की मशीन नीट चालत होती तेव्हापासून आतापर्यंत कुणीकुणी काय काय केलं? सोनाक्का म्हणाली, मी ताणाच्या स्क्रूशिवाय कशाला हात लावला नाही. पमा म्हणाली, मी कशालाच नाही. श्रीपतराव म्हणाले, मी तर सोप्यात पाऊलच टाकलं नाही. गंगारामनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"वहिनी," तो म्हणाला, "मोटार खोटं बोलत नाही, म्हणून मला दुरुस्त करता येते. घरातले खरं सांगतील तेव्हा मला बोलवा."

तो गेल्यावर घरात असा काही गोंधळ माजला की विचारू नका. प्रत्येकाला वाटलं की तो आपल्यालाच बोलला. पमानं ठरवलं, रात्री आत्यांना सांगून टाकायचं. आत्या म्हणजे सासू, तिकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. पण जेवताना आत्यांनी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं आणि पमाचा धीर पुन्हा खचला.

शनिवारी सकाळी रेणू आली. संध्याकाळी हळद लागायची होती, मग तिला घराबाहेर पडता येणार नव्हतं, म्हणून एकदा गोधडी बघून जावं असा तिचा विचार. सोनाक्का तिला काय सांगावं या विवंचनेत चौकटीवरची चादर काढते, तर हिरव्या लुगड्याच्या मधोमध तेलाचा डाग. रुपयाएवढा. सुईच्या दांड्यावरून ठिबकलेला. सोनाक्कानं बोट लावलं, नाकाशी नेलं आणि पडवीत बसलेल्या नवऱ्याच्या चपचपीत डोक्याकडं बघितलं.

काय बोलली ते मी लिहीत नाही. तीन गल्ल्यांनी ऐकलं. श्रीपतराव खाली मान घालून उभे राहिले. तेल मीच घातलं, एवढंच ते म्हणाले. त्यावर ती म्हणाली, म्हणजे मशीनही तुम्हीच घालवली. तेल त्यांनी गुरुवारी घातलं आणि मशीन बुधवारीच अडली होती, हे त्या गडबडीत तिच्याही लक्षात आलं नाही आणि त्यांच्याही. त्यांना खरंच वाटलं की आपणच सगळं घालवलं. चपला पायात सरकवून ते मारुतीच्या देवळाकडं गेले.

रेणू डागाकडं बघत राहिली. मग तिची नजर काठाजवळच्या भोकांवर गेली. तिथं तिनं तळहात ठेवला. "आक्का, राहू द्या आता," ती म्हणाली. "होती तशी काढून द्या. मी हातानं टाचून घेईन." आणि डोळे पुसत ती निघून गेली. पमा तिला सोडायला मागोमाग गेली आणि हळदीची तयारी करायला तिकडंच थांबली.

घरात सोनाक्का एकटी उरली. तिनं लुगडी दांड्यांवरून उतरवली, डागावर डाळीचं पीठ चोळून ठेवलं. चौकटीवर जुन्या चादरी ताणल्या. हे शहाणपण बुधवारी सुचायला हवं होतं. मग चिंधीनं भोकाभोकातलं खोबरेल पुसून काढलं, मशीनचं तेल घातलं. डोकं लोण्यासारखं फिरायला लागलं. तिला हायसं वाटलं. बटण दाबलं. वीतभर शिवण झाली आणि धागा तुटला.

ती मटकन खाली बसली. ओरडायला घरात कुणी नव्हतं. तेल नाही, धागा नाही, ताण नाही, मग आहे तरी काय? तिला रडू आलं आणि रडता रडता ती स्वतःशीच म्हणाली, "मला काही कळत नाही." एवढी वर्षं ती हे वाक्य लोकांच्या तोंडून ऐकत आली होती, आपल्या तोंडानं तिनं ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. म्हटल्यावर जरा मोकळंही वाटलं. काहीच कळत नाही, तर मग पहिल्यापासून शिकायचं, असं तिनं ठरवलं. शहरातल्या बाई शिकवायच्या त्या क्रमानं. पहिल्या दिवशी त्यांनी काय शिकवलं? सुई बसवायला. घरच्या मशीनच्या सुईला एक बाजू सपाट असते, ती चुकीची बसतच नाही. या मशीनची सुई सगळीकडून गोल. तिला एका बाजूनं लांब खाच असते, धागा त्या खाचेतून खाली उतरतो, आणि ती खाच आपल्याकडं तोंड करून यायला हवी.

पुजलेल्या सुईला हात लावायला मन घेईना. तिनं आधी नमस्कार केला. मग पुढून नख फिरवलं. खाच लागली नाही. मागून फिरवलं. नखात वाळलेल्या कुंकवाचा चुरा आला आणि त्याखाली खाच.

सुई उलटी होती. ओल्या कुंकवानं खाच भरली होती, घाईत तिला ती दिसली नव्हती. बुधवारी साडेनऊच्या आत, चांगल्या वेळेवर, तिच्याच हातानं.

तिनं सुई काढली, पुसली, नीट बसवली. बॉबिनची डबी कुणीतरी सैल केलेली दिसली, ती जागेवर आणली. मग बटण दाबलं. मशीन जी सुटली ती थांबेचना, एकेक टाका जोंधळ्याच्या दाण्यासारखा. सोनाक्कानं लुगडी पुन्हा ताणली आणि दिवेलागणीच्या आत शिवण पुरी केली. काठाजवळच्या भोकांवरून तिनं अशी दाट नक्षी फिरवली की भोकं दिसेनात. डाग फिका झाला, पण पुरता गेला नाही.

हळदीला बोलवायला शेजारची इठाबाई आली. तिनं तयार गोधडी बघितली आणि तोंडात बोट घातलं. नवऱ्यानं मोडून ठेवलेली मशीन हिनं एकटीनं जागेवर आणली, ही बातमी तिनं मांडवात पोचवली. जो तो सोनाक्काचं कौतुक करायला लागला आणि श्रीपतरावांना नावं ठेवायला लागला. कुणी म्हणे, गिरणीवाल्याला शिवणातलं काय कळतं. कुणी म्हणे, म्हातारपणी हे असंच व्हायचं. श्रीपतराव मांडवाच्या कडेला पत्रावळी मोजत बसले होते, ते सगळं ऐकत होते. सोनाक्काही ऐकत होती. एकदा तिच्या जिभेवर आलं होतं. पण तिनं विचार केला, सुई तर सरळ झाली, कुंकू पुसलं गेलं, आता कुणाला कळणार? आणि ती गप्प राहिली. मी असतो तर बोललो असतो असं मी म्हणणार नाही. माझी मला खात्री नाही.

रविवारी दुपारी पाठवणी. ओटी भरून झाली, गाडी दारात लागली. रेणूनं गोधडी उराशी धरली होती. सासरची माणसं, गल्लीतली माणसं, सगळी उभी. तेवढ्यात श्रीपतराव पुढं आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सत्तरीचा माणूस, आणि वीस वर्षांच्या पोरीपुढं त्यानं हात जोडले.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या आईच्या लुगड्यावरचा डाग माझा आहे. मशीन मीच बिघडवली. माझ्यामुळं तुला आईची एवढीही वस्तू मिळाली नसती. मला माफ कर."

रेणू गोंधळली. सासरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.  तिनं नवऱ्याच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं आणि ती मध्ये आली.

"मशीन ह्यांनी नाही बिघडवली," ती म्हणाली. "ह्यांच्या आधीच बिघडली होती. सुई मी उलटी बसवली होती."

तिचा आवाज एवढा बारीक कुणी कधी ऐकला नव्हता. मागच्यांना ऐकूच गेलं नाही, पुढच्यांनी मागं सांगितलं.

श्रीपतरावांनी सावकाश हात खाली घेतले. "तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"काल दुपारी."

"मग काल का नाही बोललीस?"

सोनाक्काला सबब सांगता आली असती. लग्नाची घाई होती, गर्दी होती. पण ती म्हणाली, "सगळे तुम्हाला नावं ठेवत होते आणि मला शाबासकी देत होते. मला ते बरं वाटत होतं."

  श्रीपतरावांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. त्यांना राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. रेणू वाकली, दोघांच्या पाया पडली आणि गोधडी घेऊन गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली तरी सोनाक्का तिथंच उभी होती. तेव्हा पमा तिच्याजवळ आली. 

"आत्या," ती म्हणाली, "बॉबिनचा स्क्रू मी फिरवला होता. बुधवारी. तुम्ही नदीवर गेल्यावर."

आजूबाजूच्या बायका दचकल्या. इठाबाईनं तर कानांवर हात ठेवायची तयारी केली. सोनाक्कानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"किती फिरवलास?" तिनं विचारलं.

"अर्धा फेरा. डावीकडं."

"बरोबर आहे," सोनाक्का म्हणाली. "मला तेवढाच सैल सापडला. उद्या ये मशीनवर, किती ठेवायचा ते दाखवते."

तात्पर्य: ज्या घरात चूक सांगायची भीती असते, तिथला बिघाड कुणालाच सापडत नाही. ती भीती जावी असं वाटत असेल, तर ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्यानं आपली चूक सगळ्यांच्या आधी सांगावी.